हूटगळ्ळीत कर आहे, नगरसेवक नाही

म्हैसूरच्या वेशीवरील हूटगळ्ळी, हिनकल, कूरगळ्ळी व बेळवाडी या ग्रामपंचायती मोडून कर्नाटक सरकारने 2020 मध्ये हूटगळ्ळी नगरसभा स्थापन केली. नाव नगरसभेचे, कारभार मात्र नोकरशहांचा! पाच वर्षे उलटली तरी तेथे निवडणूक झाली नव्हती.

बीईएमएलसारख्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेला हा परिसर. येथील कामगार घरपट्टी भरतो. पण नळ कोरडा राहिला, गटार तुंबले, तर दाद कोणाकडे मागायची? पंचायतीच्या काळी ग्रामसभेत सदस्याला उभे करून जाब विचारता येत होता. पंचायतीत जमीनदलालांचे वजन नसते असे नाही. परंतु सदस्याला पुढच्या निवडणुकीत पाडता तरी येते. प्रशासकाला कोण पाडणार? शिवाय ग्रामीण भागापुरता असलेला रोजगार हमीचा हक्कही पंचायतीबरोबरच गेला.

हा रोग एकट्या हूटगळ्ळीचा नव्हे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे 74वी घटनादुरुस्ती 1993 पासून बजावीत आहे. तरीही नोव्हेंबर 2023 मध्ये म्हैसूर महापालिकेवर प्रशासक बसला. मुंबईकरांनी तर मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत प्रशासकी राजवट सोसली. कर्नाटकात 2020 मध्ये भाजप सत्तेवर होता, 2023 मध्ये काँग्रेस आली. हूटगळ्ळीच्या मतपेटीला त्याने काहीच फरक पडला नाही.

त्यातच ही नगरसभा बृहत् म्हैसूर महापालिकेत विलीन करण्याची योजना पुढे आली. ज्या जनतेला आपली नगरसभा एकदाही निवडू दिली नाही, तिच्या वतीने या विलीनीकरणाला संमती कोणी द्यायची?