वेळेवर तुटलेलेच बरे!

दि. १२ एप्रिल २०२५ रोजी 'यूपीआय'चे व्यवहार देशभर विस्कळीत झाले. २६ मार्चलाही तेच घडले होते. कारण काय निघाले? हल्ला नव्हे, यंत्राची मोडतोडही नव्हे. 'पैसे पोहोचले काय?' ही एकच पृच्छा काही बँकांच्या संगणकांनी राष्ट्रीय देयके महामंडळाकडे इतक्या वेळा केली की, त्या गर्दीखाली मूळ यंत्रणाच गुदमरली! धाप लागलेल्या माणसाला शंभर जणांनी घेरून 'बरे वाटते काय?' असे विचारीत राहावे, तसाच हा प्रकार.

घरातील विजेवर भार वाढला की ब्रेकर पडतो. घटकाभर अंधार होतो, पण घर जळत नाही. संगणकांच्या जाळ्यासाठी हेच तत्त्व मायकेल नायगार्ड यांनी २००७ साली ग्रंथरूपाने मांडले. पलीकडची यंत्रणा लागोपाठ अपयशी ठरू लागली की मागणी पाठविणेच थांबवावे. ग्राहकाला ताटकळत न ठेवता स्पष्ट उत्तर द्यावे. काही अवधीने एखादी मागणी चाचपणीदाखल पाठवावी आणि ती फळली तरच मार्ग पूर्ण खुला करावा. महामंडळाने पुढे पहिली पृच्छा ९० सेकंदांनंतरच, तीही दोन तासांत फार तर तीनदा करण्याचे बंधन घातले. ते योग्यच होय. परंतु बंधन म्हणजे ब्रेकर नव्हे. बंधन सुदिनी आणि दुर्दिनी सारखेच असते. ब्रेकर समोरच्याची अवस्था ओळखतो.

आणि न तपासलेला ब्रेकर तर नसलेल्याहून घातक, कारण तो खोटा भरवसा देतो. यंत्रणा बंद पाडून पाहणे सोपे आहे. ती मुद्दाम मंदावून पाहिली पाहिजे. ब्रेकर वेळेवर तुटतो काय, उगाच तुटतो काय आणि पुन्हा जुळतो काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ऐन गर्दीच्या भारावर मिळवावी लागतात.

यवतमाळकरांना हा प्रश्न परका नाही. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवरील नोंदणी सक्तीची केली. अशा वेळी ॲप अडले, तर 'नंतर प्रयत्न करा' एवढ्याने कास्तकाराचे भागत नाही. ब्रेकर तुटला की पर्यायी वाट उघडलीच पाहिजे, मग ती बाजार समितीतील कागदी नोंदवही का असेना! लोकांवर सक्तीने लादलेल्या प्रत्येक यंत्रणेची हंगामापूर्वी अशी परीक्षा व्हावी आणि तिचा निकाल जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे. यंत्र कधीतरी अडणारच. परंतु त्याच्या अडण्याची शिक्षा रांगेतल्या शेवटच्या माणसाला होता कामा नये.