विश्लेषण : संगणकाच्या पडद्यावर मर्जी कोणाची? लिनक्सचा ‘डेस्कटॉप’ बदलता येण्याला महत्त्व का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही अनेक जुने संगणक त्यासाठी अपात्र ठरतात. भंगारात देण्याआधी अशा संगणकावर लिनक्स टाकून पाहता येते. तिथे पहिलाच प्रश्न येतो : डेस्कटॉप कोणता घ्यायचा? वरवर हा सजावटीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो वापरणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय?

खालची पट्टी, मेन्यू, खिडक्यांच्या चौकटी, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज असा सगळा दर्शनी संसार म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. विंडोजमध्ये तो मूळ प्रणालीसोबतच येतो. युनिक्सच्या घराण्यात वाट वेगळी निघाली. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सुरू झालेल्या ‘एक्स विंडो सिस्टीम’ने पडद्यावर खिडक्या काढण्याची सोय दिली, त्या कशा दिसाव्यात, हे मात्र दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोडले. त्यातूनच १९९६ मध्ये केडीई व एक्सएफसीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले.

अँड्रॉइड फोनमध्ये लाँचर बदलला की होम स्क्रीन बदलते, फोटो आणि संपर्क जागेवरच राहतात. हेही साधारण तसेच. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप ठेवून लॉगिन करताना हवा तो निवडता येतो.

२०११ मध्ये काय घडले?

त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्नोम ३ आले. जुनी मांडणी गेली, खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही मूळ रचनेतून काढली गेली. अनेक वापरकर्ते चिडले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईकडे गेले.

इतरत्र अशी चिडचीड तक्रारीपाशीच थांबते. इथे तसे झाले नाही, कारण ग्नोमचा सोर्स कोड खुला होता. काहींनी ग्नोम २ चा कोड घेऊन ‘माते’ नावाने तो पुढे चालवला. लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ उभे केले. दोन्ही आजही वापरात आहेत. बनवणाऱ्याने मांडणी बदलली तरी वापरणाऱ्याला ती मुकाट्याने स्वीकारावी लागली नाही. माझ्या मते, हीच या व्यवस्थेची खरी कमाई आहे.

सामान्य माणसाला उपयोग काय?

साठी ओलांडलेल्या व्यक्तीला मोठी अक्षरे आणि ठळक माउस पॉइंटर हवा असतो. आडव्या, रुंद पडद्यावर पट्टी डावीकडे उभी केली की मजकुराला उंची मिळते. हिशेब लिहिणाऱ्याला दोनच प्रोग्रॅम लागतात. तेच समोर ठेवून बाकीचे मेन्यूत ढकलता येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून एका शॉर्टकटने भाषा बदलता येते. कमी रॅमच्या जुन्या संगणकावर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप दिलासा देतो. यातले बहुतेक बदल सेटिंग्जमधून होतात. कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप वेळेचा. थीम, आयकॉन, वॉलपेपर बदलण्यात रविवार कधी संपतो ते कळत नाही आणि सोमवारी काम तसेच पडून असते. दुसरा आक्षेप मोडतोडीचा. ग्नोमची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जुनी एक्स्टेन्शन्स कधी कधी बंद पडतात. २०१९ मध्ये तर ग्नोमची ॲप्स बनवणाऱ्या काही डेव्हलपरांनी, वितरकांनी आमच्या ॲप्सवर परस्पर थीम लादू नयेत, असे जाहीर आवाहन केले. थीममुळे ॲप बिघडते आणि बोल मात्र त्यांना लागतो, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे.

पण या आक्षेपांवरून बेतानेच बदल करावेत, इतकेच सिद्ध होते. बदलाची मुभाच नसावी, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मग सुरुवात कशी करावी?

लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. आवडली तर इन्स्टॉल करण्याआधी आपल्या फाइल्सची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. नंतर अक्षरांचा आकार, पट्टीची जागा आणि मराठी कीबोर्ड हे तीनच बदल करा. आठवडाभर काम करा. जे खरोखर खटकेल तेवढेच पुढे बदला आणि काय बदलले ते वहीत टिपून ठेवा.

बऱ्याच सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. बदल करण्याआधी त्याचीही प्रत ठेवली तर बिघडलेली घडी पुन्हा बसवणे सोपे जाते.

संगणकाला सरावण्यासाठी आपण वर्षानुवर्षे स्वतःच्या सवयी बदलल्या. आता थोडे संगणकानेही आपल्याला सरावावे, ही अपेक्षा जास्त नाही.