विश्लेषण : खोकल्यातून रक्त आल्यास ‘ट्रॅनेक्झॅमिक’ किती भरवशाचे?

खोकताना रक्त पडले की रुग्णासह घरच्यांचीही पाचावर धारण बसते. अशा वेळी अनेकदा ‘ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड’ दिले जाते. मासिक पाळीतील अतिरक्तस्रावासाठी वापरले जाणारे हेच ते औषध.

ते रक्त गोठवते का?

तशी ओळख असली तरी ती अर्धीच खरी. हे औषध गुठळी तयार करत नाही, झालेली गुठळी टिकवते. जखमेवरचे फायब्रिनचे जाळे शरीरातील प्लाझमिन विरघळवत असते. त्या प्रक्रियेला ट्रॅनेक्झॅमिक अटकाव करते. जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या दाम्पत्याने १९६२ मध्ये ते पुढे आणले.

फुप्फुसांबाबत पुरावा काय?

अपघातातील २० हजारांहून अधिक जखमींवरील ‘क्रॅश-२’ चाचणीत (२०१०) मृत्यू घटले. पचनमार्गातील रक्तस्रावावरील ‘हॉल्ट-इट’मध्ये (२०२०) मात्र फायदा दिसला नाही, उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले. त्यामुळे एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावणे धोक्याचे.

फुप्फुसांसाठीचा पुरावा आश्वासक, पण तोकडा आहे. इस्रायलमधील चाचणीत (२०१८) ४७ रुग्ण होते. नेब्युलायझरने औषध घेतलेल्यांपैकी ९६ टक्के रुग्णांचे रक्त पाच दिवसांत थांबले. औषधाविना हे प्रमाण ५० टक्के होते. मात्र दिवसाला २०० मिलीहून अधिक रक्त पडणाऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते. नेमकी हीच गोष्ट सांगताना गाळली जाते.

रक्त जास्त असेल तर?

इथे माणूस रक्त कमी होऊन नव्हे, बहुधा गुदमरून दगावतो. श्वासनलिकांची क्षमता सुमारे १५० मिली, म्हणजे चहाच्या कपाएवढी. म्हणून आधी श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्त येणारी बाजू माहीत असल्यास त्या कुशीवर झोपवणे आणि मग गळती करणारी रक्तवाहिनी कॅथेटरद्वारे बंद करणे, म्हणजे एम्बोलायझेशन. ही सोय मोठ्या रुग्णालयांतच असते. तिथे पोहोचेपर्यंत औषधाने वेळ मिळाला तर उत्तमच. पण त्याच्या भरवशावर घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. गोळीने रक्त थांबले, म्हणून थुंकीची तपासणी राहिली, तर क्षय आतून पसरत राहतो. शिवाय फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानेही खोकल्यातून रक्त येते. त्या रुग्णाला हीच गोळी घातक ठरू शकते.