विलंब कीं व्यासंग?

आमच्या महाड-पोलादपूरकडील सुशिक्षित मंडळींत एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासानें मांडला जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना पूल प्रवाशांनीं भरलेल्या गाड्यांसह वाहून गेला. त्याच्या जागीं नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. मग मुलें ज्यांच्यापायीं जेवण विसरतात, ते व्हिडिओ गेम तयार करावयास चार-चार वर्षें कां लागावींत? हा आळस तरी असला पाहिजे, नाहीं तर लबाडी!

युक्तिवाद ऐकावयास गोड, पण मुळांतच चुकीचा आहे. पूल कसा असावा, हें पाया खणण्यापूर्वींच ठरलेलें असतें. पात्राची रुंदी व वाहनांचा भार यांचें गणित मांडतां येतें. रंजकतेचें गणित कोणत्या शास्त्रांत आहे? खेळ करून पाहावा, खेळून पाहावा आणि कंटाळवाणा वाटल्यास महिन्यांची मेहनत मोडून टाकावी, याखेरीज मार्ग नाहीं. शिवाय चित्रपटाचा प्रेक्षक दाखविलेलें तेंच पाहतो. खेळाडू मात्र भिंतीवर चढेल, उलट दिशेस जाईल, नको तेथें उडी मारील. त्या प्रत्येक लहरीला उत्तर तयार हवें. एक उडी किंचित् लांबविली, कीं सारे कडे व सार्‍या वाटा पुन्हां जुळवाव्या लागतात.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेनें आपल्या पुराणकथांवर ‘राजी’ हा खेळ रचला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. खेळ बाहेर पडला २०२० सालीं, आणि हिंदी संवादांसह सुधारलेली आवृत्ति आली २०२२ सालीं. याला आळस म्हणावयाचें काय? उलट घाईचें फळ पाहा. १९८२ सालीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें नाताळचा बाजार गांठण्यासाठीं ‘ई. टी.’ हा खेळ सुमारें पांच आठवड्यांत करविला. न खपलेल्या पुष्कळ प्रती पुढें न्यू मेक्सिकोंत जमिनींत पुरल्या गेल्या.

प्रत्येक विलंब व्यासंगच असतो, असें मी म्हणत नाहीं. १९९७ सालीं जाहीर झालेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ १४ वर्षांनीं आला आणि तरीहि फसला. पण आपली न्यायबुद्धि पाहा! नकाशा तयार असूनहि आमच्या दारावरून जाणार्‍या मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलें. तें आम्हीं मुकाट्यानें सोसलें. आणि ज्याला नकाशाच नाहीं, तें नवें कांहीं रचूं पाहणार्‍या आपल्याच मुलाला मात्र सहा महिन्यांत विचारतों, “काय दिवे लावलेस?” दिवा लागावयास आधीं वात वळावी लागते, एवढें तरी आपण ध्यानांत ठेवावें.