दोष माहेरचा, व्रण लेकीचा

"डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक आहे. म्हणजे हिच्याच माहेरून आलंय!" सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागातल्या बाकावर बसून एक सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. सून मान खाली घालून बसली होती. मांडीवर दोन वर्षांचा तापलेला मुलगा, पायाशी पाच वर्षांची मुलगी.

मुलाला 'रिफ्लक्स' होता. मूत्राशय भरलं की मूत्रवाहिनीचं तोंड दाबून बंद व्हावं लागतं. काही मुलांत ही रचना जन्मतःच कच्ची असते, मग लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढते. त्यात जंतुसंसर्ग झाला की मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. पुढे त्यातूनच उच्च रक्तदाब येतो, काहींचं मूत्रपिंड निकामीही होतं.

मैत्रिणींनो, 'आनुवंशिक' हा शब्द विज्ञानाचा. पण आपल्या घरात शिरला की त्याचा अर्थ 'आईचा दोष' असा होतो. मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षं सांगत आलो. आता तीच लढाई नव्या शब्दाशी लढायची आहे.

विज्ञान काय म्हणतं? रिफ्लक्स घराण्यात चालतो हे खरं. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रिफ्लक्स असलेल्या मुलांच्या तपासलेल्या भावंडांपैकी सुमारे २७ टक्क्यांना, तर रिफ्लक्स असलेल्या आईच्या किंवा बापाच्या तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांना तो आढळला. आईच्या किंवा बापाच्या! अनेक घराण्यांत तो बापाकडून मुलाकडे गेलेला दिसतो. पॅक्स-२, रोबो-२ अशी काही जनुकं सापडली आहेत, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. मग बाईवरच बोट कसं ठेवता येतं?

इथे मला स्वतःचीही चूक कबूल करायची आहे. कुटुंबाची माहिती लिहून घेताना मी त्या सुनेला विचारलं होतं, "तुमच्या माहेरी कुणाला किडनीचा त्रास?" नवऱ्याच्या घराण्याबद्दल मी अक्षरही विचारलं नाही. समाजकार्याची पदवी घेऊनही सासूचाच प्रश्न माझ्या तोंडून निघाला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याशी बोलले. लहानपणी त्याला सारखा थंडीताप यायचा, लघवीला जळजळ व्हायची. घरचे अंगारा लावायचे. तिशीतच त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्याचं कारण हेच होतं असा दावा मी करत नाही. पण बापालाही तपासावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, हे मात्र खरं.

आणि पायाशी बसलेली ती मुलगी? तिला वर्षभरात तीनदा जोराचा ताप येऊन गेला होता. प्रत्येक वेळी मेडिकलच्या दुकानातून पातळ औषध आणलं गेलं. लघवी एकदाही तपासली नव्हती. मुलाला मात्र तापाच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात आणलं होतं. आम्ही आग्रह धरला म्हणून तिचीही तपासणी झाली. स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडावर व्रण दिसला. आनुवंशिकतेचा खरा उपयोग तिच्यासाठी होता. पण तो शब्द वापरला गेला आईला टोचायला.

काही मुलांचं मूत्रपिंड गर्भातच नीट घडलेलं नसतं, तिथे कुणाचाच इलाज चालत नाही. पण संसर्गातून होणाऱ्या व्रणांचं काय? ताप आल्यापासून योग्य औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितकी व्रणाची शक्यता जास्त, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. हा उशीर जनुकं करत नाहीत. "पोरीला काय होतंय" म्हणणारं घर करतं. लघवी न तपासता गोळी लिहून देणारा दवाखाना करतो.

शाळाही यातून सुटत नाही. लघवी तुंबवून धरण्याची सवय आणि बद्धकोष्ठता असेल, तर अशा मुलांना संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं. पण त्याला कडी नसेल, पाणी नसेल, तर मुलगी घरी येईपर्यंत दम धरते. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी'च्या कार्यकर्त्या यासाठीच झगडत आल्या. तो प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, मूत्रपिंडांचाही आहे.

व्रण असलेली मुलगी उद्या गरोदर राहील, तेव्हा तिचा रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांहून जास्त असेल. त्या वेळीही म्हणतील, "माहेरहूनच रोगट आली." आणि घरात कुणाला मूत्रपिंड द्यायची वेळ आली, की पुढे कोण होतं? आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. द्यायची वेळ आली की मात्र बाईचं मूत्रपिंड चालतं!

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टींचा आग्रह धरायला हवा. कारण न कळणारा ताप आलेल्या प्रत्येक लहान मुलाची आणि मुलीची लघवी आधी तपासली जावी, औषध नंतर. घरात एकाला रिफ्लक्स निघाला, तर सरसकट सगळ्या भावंडांना नळी घालण्याची गरज नाही. पण त्यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, आणि त्यांना ताप आला तर एक दिवसही थांबू नये. रुग्णालयाच्या कागदावर आई-बाप दोघांच्याही घराण्यांची चौकशी असावी. आणि 'आनुवंशिक' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी लगेच पुढचं वाक्यही बोलावं, "यात आईचा दोष नाही." तेही सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर.

त्या बाईला हे वाक्य मी सासूसमोर सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. मग मुलीला जवळ ओढून विचारलं, "हिच्या औषधाला कधी यायचं?"