गच्चीवरचा चोर ओळखा

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याची दुकाने, रात्री खाऊच्या गाड्या. खाऊ तिथे उंदीर-घुशी आल्याच. मग आसपासच्या घरांतल्या कुंड्या तरी कशा सुटणार? तरीही वाचकहो, औषध घालण्याआधी चोर ओळखा. रात्रीतून बीळ आणि मातीचा ढीग दिसला, तर घूस, कन्नडमधली ‘हेग्गण’. भरदिवसा कळ्या, पेरू कुरतडले गेले, तर खार, म्हणजे ‘अळिलु’. सकाळी फळांचा चोथा पडलेला असेल, तर वटवाघूळ. फांद्याच मोडल्या, तर माकड. पानावर चकचकीत रेघ असेल, तर गोगलगाय. विषाची गोळी चोर ओळखत नाही. विष खाल्लेला उंदीर गिळून मांजर, घुबडही दगावते. मग उंदरांना आवरणार कोण? खारीला, वटवाघळाला तर साधी जाळी पुरते.