विश्लेषण : ब्लॉकेज निघाले म्हणजे लगेच स्टेंट? हृदयरुग्णांवरील संशोधन काय सांगते?

अँजिओग्राफी सुरू असतानाच डॉक्टर बाहेर येतात. ‘एका रक्तवाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज आहे. आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचा का?’ असा प्रश्न नातेवाइकांपुढे येतो. सहीचा कागद समोर, रुग्ण आत टेबलावर आणि विचाराला हाताशी जेमतेम काही मिनिटे. हृदयविकाराचा झटका आलेला असेल, तर इथे वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. पण रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आला असेल, त्रास जुना आणि स्थिर असेल, तर काय? या दुसऱ्या परिस्थितीचे उत्तर गेल्या दोन दशकांत हजारो रुग्णांवर झालेल्या संशोधनामुळे बरेच बदलले आहे. मात्र, ते रुग्णांच्या घरापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

झटका आणि स्थिर आजार यांत फरक काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. धमनी अरुंद झाली की जिना चढताना, भरभर चालताना छातीत दाब जाणवतो आणि थांबले की तो कमी होतो. याला अँजायना म्हणतात. त्रास कधी होतो, किती होतो, हे महिनोन्‌महिने साधारण सारखेच राहिले, तर तो स्थिर आजार.

झटक्यात घडते ते वेगळे. चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रक्तपुरवठा बंद पडतो. प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अशा वेळी तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. २००३ मध्ये २३ चाचण्यांमधील ७,७३९ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिलेल्या गटात सुरुवातीच्या काळातील मृत्यूचे प्रमाण ९ टक्के, तर अँजिओप्लास्टीच्या गटात ७ टक्के होते. त्यामुळे या लेखातील पुढची चर्चा फक्त स्थिर आजाराची आहे. छातीत अचानक जोराने दुखू लागले, दुखणे थांबेना, घाम फुटला, तर लेख वाचत बसू नये, रुग्णालय गाठावे.

अडथळा काढला की झटका टळणार, असे नाही का?

नळाच्या पाइपमध्ये गाळ अडकला, तो काढला, पाणी सुरू झाले. ब्लॉकेजबद्दल आपण असाच विचार करतो आणि इंजिनीअरिंगच्या पुस्तकातला पाइपही असाच वागतो. धमनी मात्र लोखंडी नळी नसून जिवंत भिंत आहे. आजार एका जागी नसतो, तो धमन्यांच्या भिंतींमध्ये ठिकठिकाणी पसरलेला असतो. अँजिओग्राफीत मोठा दिसणारा ८० टक्क्यांचा अडथळा अनेकदा जुना आणि घट्ट झालेला असतो. झटका मात्र ३० किंवा ४० टक्केच अडवणाऱ्या, पण नाजूक आवरणाच्या थरातूनही येऊ शकतो.

स्टेंट जिथे बसवला तेवढ्याच जागेवर काम करतो. स्टॅटिनसारखी औषधे, रक्तदाब आणि साखरेवर नियंत्रण, तंबाखू बंद करणे यांचा परिणाम सगळ्या धमन्यांवर होतो. स्थिर आजारात औषधे स्टेंटच्या बरोबरीला का येतात, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे.

संशोधनात नेमके काय आढळले?

पहिली अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झुरिक येथे अँड्रियास ग्रुंटझिग यांनी केली. पुढच्या ३० वर्षांत ती जगभर रूढ झाली. तिला पहिला मोठा प्रश्न विचारला २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीने. अमेरिका आणि कॅनडातील २,२८७ स्थिर रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले गेले. एका गटाला उत्तम औषधोपचार, दुसऱ्याला औषधोपचारासह अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून अधिक काळानंतर मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात १८.५ टक्के होते. म्हणजे जवळपास सारखेच.

त्यावर आक्षेप आले. स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, रुग्ण फारसे गंभीर नव्हते, असे म्हटले गेले. म्हणून अमेरिकी सरकारच्या निधीतून ‘इस्केमिया’ ही चाचणी झाली. ३७ देशांतील ३२० केंद्रांवर ५,१७९ रुग्ण तिच्यात सहभागी झाले. त्यात भारतातील केंद्रेही होती. ताण चाचणीत हृदयाचा रक्तपुरवठा मध्यम ते तीव्र प्रमाणात कमी पडतो, असे दिसलेले हे रुग्ण होते. एका गटाची लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास करण्यात आली. दुसऱ्या गटाला आधी औषधे आणि ती अपुरी पडली तरच शस्त्रक्रिया.

निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. मृत्यू, झटका आणि इतर ठरावीक हृदयघटना एकत्र मोजल्या तर सहा महिन्यांनी हे प्रमाण पहिल्या गटात ५.३ टक्के आणि दुसऱ्यात ३.४ टक्के होते. प्रक्रियेमुळेच होणारे छोटे झटके हे त्याचे एक कारण. पाच वर्षांनी चित्र थोडे उलटले : १६.४ विरुद्ध १८.२ टक्के. एकूण हिशेबात दोन्ही पद्धतींमध्ये ठोस फरक सिद्ध झाला नाही. औषधांच्या गटातील साधारण पाचपैकी चार जणांना अभ्यासाच्या काळात स्टेंट किंवा बायपास करावीच लागली नाही.

मग स्टेंटचा फायदा काहीच नाही?

आहे, पण तो मोजायला वेगळी पट्टी लागते. रुग्ण किती वर्षे जगला, एवढेच विचारून भागत नाही. त्याला जिना चढता येतो का, बाजारातून पिशवी घेऊन येता येते का, छातीच्या भीतीने त्याने फिरणे सोडले आहे का, हेही विचारावे लागते. हृदयरुग्णांसाठी याची ठरावीक प्रश्नावली आहे. ‘सिएटल अँजायना प्रश्नावली’ या नावाने ती ओळखली जाते. रुग्णाच्या उत्तरांवरून ० ते १०० गुण मिळतात. गुण जास्त, तेवढे जगणे सुसह्य.

‘इस्केमिया’मध्ये हीच प्रश्नावली वापरली गेली. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला अँजायना होत होता, त्यांच्यापैकी शस्त्रक्रियेच्या गटातील ५० टक्के रुग्ण वर्षभरानंतर त्रासमुक्त होते. औषधांच्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. हा फरक मोठा आहे. मात्र अभ्यासातील सुमारे ३५ टक्के रुग्णांना सुरुवातीला, आधीच्या महिनाभरात छातीत दुखण्याचा त्रास झालाच नव्हता. त्यांच्या जीवनमानात स्टेंटने फारसा फरक पडला नाही. सोप्या भाषेत, त्रास असेल तर स्टेंट तो कमी करतो. त्रासच नसेल तर कमी काय करणार?

बरे वाटणे हा मनाचा परिणाम तर नाही?

‘आपली नस उघडली’ हे कळल्यानेच रुग्णाला हलके वाटत असेल तर? ही शंका ब्रिटनमधील ‘ऑर्बिटा’ चाचणीने थेट तपासली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २०० रुग्ण होते. निम्म्यांना खरा स्टेंट बसवला. उरलेल्यांना कॅथलॅबमध्ये नेले, गुंगी दिली, पण स्टेंट टाकलाच नाही. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना सांगितले नव्हते. सर्वांची औषधे आधीच चांगली बसवलेली होती. सहा आठवड्यांनंतर ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत सरासरी १६.६ सेकंदांचा फरक आढळला. संख्याशास्त्राच्या निकषावर तो टिकला नाही.

याच संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’चे निकाल मांडले. या वेळी ३०१ रुग्णांची अँजायनावरची औषधे बंद ठेवली होती. आता स्टेंटच्या गटाचा त्रास स्पष्टपणे कमी झाला आणि चालण्याची वेळ सुमारे एक मिनिटाने वाढली. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या की अर्थ लागतो. स्टेंटमुळे मिळणारा आराम खरा आहे. पण औषधांनी त्रास आधीच आटोक्यात आला असेल, तर स्टेंटला करण्यासारखे थोडेच उरते.

हे निष्कर्ष कोणाला लागू नाहीत?

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांपेक्षा कमी असलेले, गेल्या दोन महिन्यांत झटका येऊन गेलेले आणि औषधे घेऊनही त्रास असह्य असलेले रुग्ण ‘इस्केमिया’मध्ये घेतलेच नव्हते. त्यांच्याबाबत निर्णयाची गणिते वेगळी आहेत.

मधुमेह असून अनेक धमन्यांत ब्लॉकेज असेल, तर प्रश्न अनेकदा ‘स्टेंट की औषधे’ असा नसतो, ‘स्टेंट की बायपास’ असा असतो. २०१२ च्या ‘फ्रीडम’ या चाचणीत अशा १,९०० रुग्णांचा अभ्यास झाला. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. मधुमेहींची संख्या मोठी असलेल्या आपल्या समाजात ही आकडेवारी महत्त्वाची आहे. टेबलावरच घाईने स्टेंट टाकून घेतल्यास बायपासचा विचार करण्याची संधी मागे पडू शकते.

भारतात अडचण कुठे आहे?

स्टेंटच्या किमतीवर बरीच चर्चा झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये असे दर तेव्हा ठरले. पुढे त्यांत वेळोवेळी बदल झाले. मात्र स्टेंटची किंमत म्हणजे अँजिओप्लास्टीचे पूर्ण बिल नव्हे.

खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे. ‘औषधे स्टेंटच्या तोडीची आहेत’ हे वाक्य औषधे रोज घेतली, तरच खरे आहे. २०११ मध्ये १७ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांच्या ‘प्युअर’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के जण प्रभावी ठरलेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते.

याला पैशाचीही बाजू आहे. विमा आणि सरकारी योजनांचा भर रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चावर असतो. दहा वर्षे रोज घ्यायच्या गोळ्या, दर काही महिन्यांची रक्त तपासणी, डॉक्टरांच्या फेऱ्या यांचा खर्च सहसा खिशातून जातो. त्यामुळे स्वस्त पडायला हवा तो उपचार घराला महाग वाटतो आणि महागडी प्रक्रिया ‘फुकटात’ होते. एकदाची नस उघडली की आजार संपला, असा समजही त्यातून पक्का होतो. प्रत्यक्षात स्टेंट टाकला तरी त्याच गोळ्या घ्याव्याच लागतात. शिवाय गुठळी होऊ नये म्हणून काही महिने रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे एकत्र घ्यावी लागतात. ती मनाने बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय विचारावे?

स्थिर आजारात अँजिओग्राफीनंतर निर्णयासाठी बहुतेक वेळा काही दिवस घेता येतात. अँजिओग्राफीला जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलेले बरे. हा झटका आहे की स्थिर आजार? मुख्य डाव्या धमनीत अडथळा आहे का? हृदयाची पंपिंग क्षमता किती? औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली आहेत का? या स्टेंटने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? बायपासचा पर्याय शल्यचिकित्सकाला दाखवला आहे का? अँजिओग्राफीची चित्रफीत मागून घेता येते आणि दुसरे मत घेणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे.

उत्तरे ऐकून दोन रुग्ण दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात. शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनत करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला गोळ्या घेऊनही दर आठवड्याला त्रास होत असेल, तर स्टेंट त्याला कामावर परत नेऊ शकतो. काहीही त्रास नसलेल्या, तपासणी पॅकेजमध्ये ब्लॉकेज सापडलेल्या सत्तरीतल्या आजींना कदाचित गोळ्या, चालणे आणि नियमित तपासणी पुरेशी ठरेल. अहवालावरची टक्केवारी दोघांची सारखी असली, तरी त्यांचे उपचार सारखे असायला हवेत असे नाही.